चेकरची शाबासकी

शर्टांच्या कारखान्यात तयार माल तपासणाऱ्या माणसाला चेकर म्हणतात. आपल्या गोष्टीतल्या माणसाला आधी कारखान्यात सगळे चेकर म्हणायचे, मग गल्लीत म्हणू लागले, मग कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणू लागला, आणि शेवटी बायकोसुद्धा माहेरी गेली की ‘आमच्या चेकरना चहात साखर कमी लागते’ असं सांगायची. खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं. तिथे ते सुखात राहिलं.

ट्यूबलाइटखाली तिरक्या फळीचं एक टेबल, हेच त्याचं राज्य. समोर शर्ट आला की आधी कॉलर, मग बटणपट्टी, मग खिसा, कफ, बगलेची शिवण आणि सगळ्यात शेवटी खालची दुमड. हा क्रम कधी चुकला नाही. कुठे टाका सुटलेला दिसला, तेलाचा ठिपका दिसला, की तिथे कागदाचा लाल बाण चिकटवायचा. काहीच सापडलं नाही तर शर्टाची घडी घालून उजव्या हाताला ठेवून द्यायची. संपलं. चांगल्या शर्टासाठी बाण नव्हता आणि शब्दही नव्हता. मशीनवर बसणाऱ्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. चेकर टेबल सोडून आपल्या दिशेने निघाला म्हणजे काहीतरी बिनसलं. नाही आला, तर सुटलो बुवा.

माणूस वाईट नव्हता हो. खुसपटं काढून त्याला आनंद व्हायचा असंही नाही. उजवीकडे ठेवलेला शर्ट हाच त्याच्या लेखी मोठा मान होता. त्यावर आणखी तोंडाची वाफ कशाला दवडायची, एवढंच त्याला कळायचं नाही. आता कुणी म्हणेल, दोन गोड शब्द बोलायला काय पैसे पडतात? पडत नाहीत. म्हणूनच तर माणसं ते उद्यावर टाकतात.

घरी एकच मुलगी. ती चित्र काढून आणायची आणि बापासमोर धरायची. बाप ते बघायचा, आणि नीट बघायचा, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. इतर बाप वर्तमानपत्रातून मान वर न करता ‘वा वा’ म्हणतात, तसला प्रकार नाही. तो कागद उजेडात धरायचा, वरून खाली बघत यायचा आणि एका जागी बोट ठेवायचा. ‘हा पाय आखूड झालाय.’ पाय आखूड असायचाच. त्याचं कधीच चुकायचं नाही, आणि सगळं दुखणं तिथेच होतं. चित्रात काही खोट नसली तर कागद उजवीकडे ठेवून तो चहाच्या कपाला हात घालायचा.

मुलगी तिथेच उभी राहायची. मग आतून बायको पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, “बाबांनी बाजूला ठेवलं ना? म्हणजे फार आवडलंय हो त्यांना.” चेकर नाही म्हणायचा नाही, हो म्हणायचा नाही. पण मुलीचा चेहरा जरा उजळायचा. बायको अशी आयुष्यभर इकडचं तिकडे समजावून सांगत राहिली. मुलगी सातवीत असताना ती आजारी पडली आणि गेली. घरातली दुभाषी गेली, आणि मागे राहिलेल्या दोघांना एकमेकांचं काही कळेनासं झालं.

मुलगी शिकली, लग्न झालं, दूरच्या गावी गेली. विम्याच्या कचेरीत नोकरी करते. हुशार आहे, पण एक कागद पुढे सरकवायचा तर शेजारणीला दोनदा विचारते, “बरोबर आहे ना?” शाखेची जबाबदारी घेशील का, असं साहेबांनी तिला पूर्वी विचारलं होतं. नको म्हणाली. मग पुन्हा विचारलं. पुन्हा नको म्हणाली. तिच्या हाताखाली शिकलेली मुलं तिच्या डोक्यावर जाऊन बसली. ती त्यांना अजून काम समजावून देते.

चेकर निवृत्त झाला तेव्हा घरी बसून काय करायचं याचा त्याने विचारच केला नव्हता. सकाळी एक कप विसळायचा, संध्याकाळी तोच कप विसळायचा. दुपारी बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कॉलरी बघायच्या. एकदा एका अनोळखी गृहस्थाला त्याने सांगितलं, “तुमच्या बगलेची शिवण उसवतेय.” गृहस्थ थोडा लांब जाऊन उभा राहिला. तेवढंच काय ते त्या दिवशीचं बोलणं. रविवारी लेकीचा फोन यायचा. जेवलात का, हो. तब्येत, ठीक. बरं मग. फोन ठेवल्यावर तो त्याच्याकडे बघत बसायचा, जणू त्यातून आणखी काहीतरी निघायचं राहिलंय.

लेक दोन वर्षांत घरी आली नव्हती, त्यालाही कारण होतं. गेल्या खेपेला नात भिंतीला पाठ लावून उभी राहिली होती आणि तिने एक गाणं म्हणून दाखवलं होतं. गाणं संपल्यावर चेकर म्हणाला, “दुसऱ्या कडव्यातली एक ओळ राहिली.” राहिली होतीच. नात गप्प झाली आणि त्यानंतर त्या घरात गायली नाही. लेक दुसऱ्याच दिवशी निघाली. बॅग भरता भरता, वर न बघता, ती म्हणाली होती, “माझं झालं ते झालं, बाबा. हिचं नको.”

म्हणून या खेपेला तिचा फोन आला तेव्हा चेकर उभाच राहिला. कचेरीचं आठवडाभराचं प्रशिक्षण त्याच्याच गावात होतं. साहेबांनी शाखेसाठी तिचं नाव तिसऱ्यांदा पुढे केलं होतं. शेवटच्या दिवशी हो की नाही ते सांगायचं होतं. आता नाही म्हटलं तर पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. जावई फिरतीवर, नातीला सुट्टी, तेव्हा तिलाही घेऊन यावं लागणार होतं.

“दिवसभर ती तुमच्याजवळ राहील,” लेक म्हणाली. “फक्त एक करा. तिच्या चुका काढू नका.”

“नाही काढणार.”

“आणि जमलं तर जरा चांगलं बोला तिच्याशी.”

फोन ठेवला आणि चेकरला घाम फुटला. चुका काढायच्या नाहीत हे जमण्यासारखं होतं, तोंड मिटलं की झालं. चांगलं बोलायचं म्हणजे नेमकं काय बोलायचं?

त्याने कटिंगमास्तरला गाठलं. हा त्याच्याच कारखान्यात कापड कापायचा, आता तोही घरीच. मास्तरला तीन मुलं, आणि तिघांनाही त्याने असं काही डोक्यावर घेतलं होतं की थोरला अजून स्वतःला गवई समजतो. शेजाऱ्यांचं मत वेगळं आहे. पण ती पोरं रोज बापाला फोन करतात, हेही खरं.

“त्यात काय एवढं?” मास्तर म्हणाला. “शाबास म्हणायचं. प्रयत्न केलास ते आवडलं मला, म्हणायचं. तुला जमेल, म्हणायचं. चुकलं तर चुकलं, मी आहे ना, म्हणायचं. तुझं तोंड काय शिवून टाकलंय का रे?”

चेकरने ती वाक्यं घोकली. दाढी करताना आरशात बघून “शाबास” म्हणून पाहिलं. आरशातला माणूस कॉलरवर डाग सापडल्यासारखा दिसत होता. जित्याची खोड, दुसरं काय. त्याने आणखी दोन-तीनदा म्हटलं आणि गालाला ब्लेड लागलं.

लेक आणि नात आल्या. लेक सकाळी बाहेर पडायची ती संध्याकाळी यायची. पहिल्या दिवशी नातीने दूध प्यायलं, चेकर म्हणाला, “छान.” तिने चपला जोडीने ठेवल्या, तो म्हणाला, “छान.” तिने एका पानावर घोडा काढला आणि दुसऱ्यावर नुसत्या रेघोट्या मारल्या. दोन्हींना त्याने “छान” म्हटलं आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. चाललंय की सगळं झकास, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी नातीने बुटाच्या रिकाम्या खोक्याचं घर करायला घेतलं. कात्री, डिंक, जुनी कॅलेंडरं, सगळ्या खोलीभर पसारा. दुपारी ती ते घर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तो शेंगा सोलत बसला होता.

“छान,” तो म्हणाला. “शाबास. तुला जमेल.”

“जमलंय की,” नात म्हणाली. मग म्हणाली, “तुम्ही बघितलंच नाही, आजोबा.”

आता हे असलं त्याला उभ्या आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. चेकरने बघितलं नाही! कारखान्यात कुणी असं बोललं असतं तर त्याने टेबल सोडलं असतं. त्याने शेंगांचं ताट बाजूला सारलं, हात पुसले, चष्मा लावला आणि ते खोकं घेऊन खिडकीशी गेला.

आणि तिथे तो अडकला. नजर सरळ चुकांवर जायची, जीभ पडलेल्या दाताच्या जागी जाते तशी. छप्पर एका बाजूला झुकलं होतं. कोपऱ्यात डिंक ओघळला होता. दाराला उंबरा नव्हता. ते सगळं बाजूला ठेवून, चुकलं नाही ते शोधायला त्याने पुन्हा वरून सुरुवात केली. किती वेळ तो तसाच उभा होता. नात पायावर पाय ठेवून वाट बघत होती.

“ही खिडकी,” तो शेवटी म्हणाला. “नुसती काढली नाहीस तू. तीन बाजूंनीच कापलीस, चौथी बाजू ठेवलीस. म्हणून ती उघडते आणि मिटते.”

“हो,” नात म्हणाली.

“आणि भिंतीची कड आतल्या बाजूला दुमडून चिकटवलीयस. बाहेरून जोड दिसत नाही. कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. मलाच सुचलं.”

“सुचलं कसं?”

मग ती सांगत बसली. आधी बाहेरून चिकटवून बघितलं होतं, ते घाण दिसत होतं, मग तिने ते उचकटलं होतं. चेकर ऐकत होता, मधे मधे विचारत होता. छप्पर झुकलंय हे तिने स्वतःच सांगितलं. “ते मी उद्या नीट करणार आहे,” ती म्हणाली, आणि तिचं तोंड अजिबात उतरलं नाही. चेकर चकित झाला. चूक स्वतः सांगून वर हसणारं माणूस त्याने पहिल्यांदा बघितलं.

त्यांचं असं बोलणं चालू असताना लेक कधी आली ते दोघांनाही कळलं नाही. प्रशिक्षण त्या दिवशी लवकर सुटलं होतं. ती दारात उभी होती, खांद्यावरची पिशवी तिने उतरवली नव्हती. मग ती आत गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

रात्रीची जेवणं झाल्यावर नात पेंगली. लेक भांडी घासत होती आणि चेकर पुसून फळीवर लावत होता. हातातल्या ताटलीकडे बघत लेक म्हणाली, “एक विचारू? माझं कधी काही आवडलं होतं तुम्हाला?”

“म्हणजे?”

“काहीही. एखादं चित्र. वही. काहीतरी.”

चेकर आठवू लागला. आखूड पायाची गाय आठवली. सुईदोऱ्याने शिवलेली पिशवी आठवली, तिचा एक बंद लांब होता. वहीच्या एका पानावरचा शाईचा डाग आठवला, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात होता. अशा कितीतरी गोष्टी एकामागून एक डोळ्यांपुढे आल्या, आणि प्रत्येकीवर लाल बाण होता. बिनचुकीच्या होत्या त्या गेल्या कुठे? तो शोधत राहिला. पास झालेला माल डोक्यात ठेवायचा नसतो, नाहीतर पुढचा तपासता येत नाही. त्या सगळ्या त्याच्याच हातांखालून गेल्या होत्या आणि आता त्यातली एकही जवळ नव्हती. त्याला रडूच यायचं राहिलं.

“पुष्कळ होतं,” तो म्हणाला. “चूक नसायची तेव्हा मी काही बोलायचो नाही. तू तर जाणतेस.”

“जाणते ना,” लेक म्हणाली. “तुम्ही गप्प राहिलात की वाटायचं, सुटले. चांगलं केलं, असं नाही कधी वाटलं.” तिने नळ बंद केला. “जाऊ दे. सहज विचारलं.”

ती आत जाऊन मुलीशेजारी आडवी झाली. चेकर पुसलेली भांडी पुन्हा पुसत बसला. आपलंच घर, आपलंच माणूस दहा पावलांवर, आणि तरी त्याला बाकावर बसल्यासारखं एकटं वाटलं. त्याने ठरवलं की हिलाही सांगायचं. मास्तरची वाक्यं नाहीत, ती हिला खपणार नाहीत. आपल्या डोळ्यांना दिसेल ते, नातीला सांगितलं तसं. गेलेलं हाती येत नसलं तरी समोरचं तर बघता येईल.

पण समोरचं दिसायला ती समोर असावी लागते. पुढचे दिवस ती उशिरा यायची आणि दमलेली असायची. बघता बघता शेवटचा दिवस आला.

त्या सकाळी लेक लवकर तयार झाली. चहा तसाच निवत ठेवला. “मी आज नाहीच म्हणणार आहे,” ती म्हणाली. “एवढ्या माणसांना सांभाळायचं, चुकलं तर जबाब द्यायचा. मला नाही झेपायचं.”

चेकरने आपला चहा ओतून घेतला. झेपेल, असं नुसतं म्हणून काय उपयोग? तिने मुलीला पुढ्यात बसवलं आणि तिची वेणी घालायला घेतली. चेकर कप हातात धरून बघू लागला. सुरुवात वरून. भांग नाकाच्या रेषेत सरळ गेला होता. तिन्ही पेड सारखे घेतले होते. बोटं भराभर चालत होती, पण केस ओढले जात नव्हते. पोरगी मान न आखडता गोष्टीचं पुस्तक बघत होती. घाईत, मनात धाकधूक असताना, कुणाला न दुखवता एवढं नीट काम करणारी बाई शाखा सांभाळणार नाही तर काय? हे सगळं त्याला लख्ख दिसलं. लेक वेणीच्या टोकाला रबर लावत होती.

“ही वेणी,” चेकर म्हणाला.

लेकीचा हात थांबला. त्याचा पुढचा शब्द येण्याच्या आत तिने रबर काढलं, बोटं घालून तिन्ही पेड सोडवले आणि केस मोकळे केले. “कुठे चुकली?” तिने विचारलं.

“चुकली नाही गं. चांगली झाली होती. फार चांगली. तेच सांगत होतो.”

लेक मुलीच्या पाठीवर पसरलेल्या केसांकडे बघत राहिली. मग तिने बापाकडे बघितलं. “मग बोललात कशाला, बाबा?” ती म्हणाली. रागाने नव्हे. तिला खरंच कळलं नव्हतं.

निघायची वेळ होत आली होती. तिने पुन्हा फणी उचलली. या वेळी नजर सारखी घड्याळाकडे जात होती. भांग कानाकडे वळला, एक पेड जाड झाला, वेणी पाठीच्या मधोमध यायची ती खांद्याकडे गेली. चेकरला सगळं दिसत होतं. नाही म्हणून सांगता येतं का डोळ्यांना? रबर लावून झाल्यावर लेकीने हात काढून घेतले आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. लहानपणी कागद समोर धरून बघायची, तसंच. ती वाट बघत होती.

त्याच्याजवळ आता शब्द होते. तोंडभर होते. पण त्यातला कुठलाही काढला असता तरी तिने वेणी पुन्हा सोडली असती. चेकरने मान उजवीकडे वळवली आणि गार झालेला चहा प्यायला.

लेकीचे ताठलेले खांदे खाली आले. तिने पिशवी उचलली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती गेली.

नातीने पाठीमागे हात नेऊन वेणी चाचपली. “आजोबा, एका बाजूला गेलीये ना?”

“हो.”

“तुम्ही नीट करता?”

“नको,” तो म्हणाला. “आईने घातलीये. राहू दे.”

दिवसभर नात छपराची डागडुजी करत राहिली. चेकरने डिंकाचं भांडं धरलं. विचारलं तेवढंच सांगितलं आणि दिसलं ते बोलून दाखवलं. संध्याकाळी पायरीवर पावलं वाजली तेव्हा खेळून खेळून तिची वेणी पार सुटली होती आणि केस तोंडावर आले होते.

लेक आत आली, खुर्चीत बसली. “हो म्हणाले मी,” ती म्हणाली. स्वतःचाच विश्वास बसत नसल्यासारखी हसली. “कसं कोण जाणे. आत बोलावलं तेव्हा नाहीच म्हणायचं ठरवून गेले होते. पण सकाळी दुसरी वेणी घातल्यावर तुम्ही काही बोलला नाहीत ना, तेव्हाच वाटलं, चला, आज काही चुकत नाहीये आपलं.”

चेकरने मान हलवली. “बरं झालं,” म्हणाला, आणि तिच्यासाठी चहा टाकायला उठला. दुसरी वेणी वाकडी होती, हे तो तिला आयुष्यात सांगणार नव्हता. पहिली सुरेख होती, हे सांगून झालं होतं, आणि ते तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.